इरुकटोल्याची झुरीबाई आणि माझी अर्धी उकळलेली सुई

गडचिरोलीत नोकरी केली म्हटलं की पुण्या-मुंबईकडची माणसं पहिला प्रश्न विचारतात, "वाघ दिसला का हो?" सगळ्या नोकरीत वाघ मला दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा तो घाईत होता. मीही घाईतच होते. माझ्या खांद्याला लशीचा डबा होता आणि डब्यातला बर्फ वितळत होता. वाघापेक्षा मला त्या बर्फाचीच जास्त भीती वाटायची.

मी एएनएम होते, लोकांच्या तोंडी नर्सबाई. ऐंशीच्या दशकात, जिल्हा नवा नवा झालेला असताना, जंगलातल्या एका उपकेंद्रावर मला नेमलं. उपकेंद्र म्हणजे कवेलूच्या, कौलारू छपराच्या, दोन खोल्या. एकीत दवाखाना, दुसरीत मी. आजूबाजूची अकरा गावं माझ्याकडे, बहुतेक माडिया लोकांची. आमचं घर बल्लारपूरकडचं. वडील कोळशाच्या खाणीत मजूर होते. आम्ही बौद्ध, छप्पनच्या दीक्षेनंतर घरात पोरींनाही शाळेत घालायचं ठरलेलं. वडील म्हणायचे, "शिक बाई, म्हंजे कोनाच्या दारात उभं राहाची पाळी नाई येनार." मी शिकले आणि सरकारनं मला नोकरीच लोकांच्या दारात उभं राहायची दिली.

आमचं काम बाहेरच्यांना सोपं वाटतं. सुई टोचायची आणि पुढच्या घरी जायचं. पण लस जावयासारखी असते. तिला ऊन चालत नाही, आणि काही लशींना फार गारही चालत नाही. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची ट्रिपलची लस एकदा गोठली की मेलीच समजा. प्राथमिक आरोग्य केंद्र माझ्यापासून अठरा किलोमीटर. तिथे वीज असून नसल्यासारखी, म्हणून घासलेटवर चालणारा फ्रिज होता. त्याच्या खालची ज्योत निळी हवी. पिवळी झाली की काजळी धरायची आणि फ्रिज गार व्हायच्या ऐवजी कोमट व्हायचा. आमचे पुरुष आरोग्यसेवक वासुदेवभाऊ त्या ज्योतीकडे असे टक लावून बघत, जणू पोटची पोर तापानं फणफणलीय. तेच सायकलवरून लशीचा डबा नाल्यापर्यंत आणून देत, आणि पुढे मी पायी. डब्यात चार बर्फाच्या पिशव्या. त्या वितळायच्या आत काम उरकायचं.

आणि सुया. आता सुई एकदा वापरून फेकतात. तेव्हा काचेची सिरिंज आणि सुई आम्ही डब्यात घालून पुन्हा पुन्हा उकळायचो. पाण्याला उकळी फुटल्यावर वीस मिनिटं. हे वीस मिनिटांचं वाक्य ट्रेनिंगमध्ये आमच्याकडून इतक्या वेळा घोकून घेतलं होतं, की मी ते झोपेतही म्हणाले असते. म्हणणं आणि करणं यात फरक असतो, तोच आता सांगायचा आहे.

इरुकटोला हे माझ्या गावांपैकी सर्वांत आडचं. उपकेंद्रापासून दोन कोस, मोहाच्या झाडांत लपलेलं. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा बायका लेकरं घेऊन जंगलात पळाल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्याच खात्याची जीप कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या शिबिराला बायका गोळा करायला यायची. तिचं टार्गेट असायचं. तेच खातं, तोच पांढरा कपडा, तीच सुई. पोरं होणं बंद करायला आलेली बाई आणि झालेली पोरं वाचवायला आलेली बाई, या दोघींमधला फरक त्यांनी कशावरून ओळखायचा?

एक म्हातारी तेवढी पळाली नाही. अंगणात मोहाची फुलं वाळत घालत बसली होती. हडकुळी, ताठ, हातापायांवर गोंदण. ती झुरीबाई, गावची सुईण. तेंदूपत्त्याच्या हंगामात ठेकेदाराकडे काम केल्यामुळे तिला आमची भाषा येत होती, तिकडच्या बायांसारखी 'मी करतो, मी येतो' अशी. माडिया माणूस कलेक्टरलाही 'तू'च म्हणतो, मग माझी काय कथा.

"तू सुईवाली हाय का?" तिनं विचारलं.

"हो. लेकरांना देते. आजार येऊ नये म्हणून."

"आजार नाई तं सुई काऊन?"

हा प्रश्न मला पुढे शेकडो लोकांनी विचारला, आणि दरवेळी मला वाटलं, प्रश्न बरोबर आहे. मी तिला शेताच्या कुंपणाचं उदाहरण दिलं. डुक्कर आल्यावर कोणी काट्या तोडायला जात नाही, आधीच लावून ठेवतात. तिनं ते ऐकून घेतलं. सहा महिने मी नुसतीच जात राहिले. कोणाला खोकल्याचं औषध दे, कोणाची जखम धू, कोणाला हिवतापाच्या गोळ्या दे. शेवटी एके दिवशी झुरीबाई म्हणाली, "घेऊन ये तुही सुई." आणि तिच्या शब्दावर आठ बाया लेकरं घेऊन बसल्या. त्यात तिची स्वतःची नातही होती, मैनी. मैनीची आई हिवतापानं गेलेली, पोरीला आजीनंच वाढवलेलं.

त्या दिवशी मला उशीर झाला होता. स्टोव्हमध्ये घासलेट तळाला गेलेलं. ऊन वर चढलेलं, बर्फ पाण्यावर आलेला, आणि एवढ्या मुश्किलीनं बसलेल्या आया उठून जातील अशी धाकधूक. पाण्याला उकळी फुटली. मी घड्याळाकडे बघितलं, बर्फाकडे बघितलं आणि पाच-सात मिनिटांतच सुया काढल्या. चांगल्या उकळल्यासारख्या दिसत होत्या. जंतू काही दिसत नसतात.

सात लेकरांना काही झालं नाही. आठवी मैनी.

आठवड्यानं वासुदेवभाऊंनी बाजारात ऐकलेली बातमी आणली. "बाई, तुमी टोचलेल्या पोरीची मांडी सुजली म्हनते. गाव लय तापलं हाय. दोन दिवस जाऊ नोका."

मी त्याच दिवशी गेले. मोठं धाडस म्हणून नव्हे, घरात बसवेना म्हणून. गावात शिरल्यावर एकही माणूस बोललं नाही. झुरीबाईच्या झोपडीत मैनी पडली होती. मांडीवर लिंबाएवढं गळू झालेलं आणि ते आपोआप फुटलेलं. पोर माझा आवाज ऐकून किंचाळायला लागली. केंद्रावर डॉक्टरांकडे नेऊ या म्हटलं, तर झुरीबाईनं नुसती मान हलवली. नाही. पण मला जखम धुवायला तिनं अडवलं नाही.

अकरा दिवस मी रोज गेले. जाताना दोन कोस, येताना दोन कोस. मिठाच्या पाण्यानं जखम धुवायची, पट्टी बांधायची, गोळी कुटून मधातून चाटवायची. झुरीबाई समोर बसून माझ्या हातांकडे बघायची. एक शब्द बोलायची नाही. बोलली ती चौथ्या दिवशी.

"मी लेकराची नाळ कापतो तं बाणाचं पातं विस्तवात लाल होऊ देतो. मंग थंडं करतो, मंग कापतो. माह्या आईनं शिकवलं. तुही सुई किती वेळ ठेवली होती?"

माझ्याकडे उत्तरं बरीच होती. कधी कधी होतं असं. पोरीचं अंगच तसं आहे. कोणी मातीचा हात लावला असेल. खात्यात ही सगळी उत्तरं तयार असायची आणि ती खपायचीही. पण ती बाई ज्या नजरेनं विचारत होती, ती तक्रार करणाऱ्याची नव्हती. एका कारागिरानं दुसऱ्याला विचारावं तसं ती विचारत होती.

"कमी ठेवली," मी म्हणाले. "वीस मिनिटं ठेवायची असते. मी घाई केली. चूक माझी आहे."

झुरीबाई उठली आणि आतून पाण्यानं भरलेला भोपळ्याचा तुंबा आणून माझ्यासमोर ठेवला. चार दिवसांत त्या घरात मला मिळालेलं ते पहिलं पाणी.

मैनीची जखम भरली. मांडीवर खळगा मात्र कायमचा राहिला. महिन्याच्या अहवालात मी 'गळू – एक' असं लिहिलं आणि कारणाचा रकाना रिकामा ठेवला. झुरीबाईला सांगायचं धैर्य झालं, कागदाला सांगायचं नाही झालं. याची खंत मला अजून आहे.

त्यानंतर इरुकटोल्यात सुई बंद. मी जायची, गोळ्या द्यायची, बाळंतिणी बघायची. पण सुईचं नाव काढायची सोय नव्हती, आणि काढायला माझी जीभही वळत नव्हती.

मग पुढच्या उन्हाळ्यात डोंगरापलीकडच्या गावात गोवर आला. शहरात गोवर म्हणजे अंगावर पुरळ आणि चार दिवस शाळेला सुट्टी. जंगलात, भुकेल्या अंगाच्या लेकरांत, तो पुरळापुरता थांबत नाही. छातीत उतरतो, पोटात उतरतो, डोळ्यांत उतरतो. त्या गावात एकाच आठवड्यात तीन लेकरं गेली.

सकाळी मी दवाखान्याचं दार उघडलं तर पायरीवर झुरीबाई बसलेली. दोन कोस चालून आलेली. आजवर ती कधी उपकेंद्रात आली नव्हती.

"त्या गावात माता आली," ती म्हणाली. "मी पाहून आलो. एका घरची दोनी लेकरं गेली. त्याची सुई हाय का तुह्यापाशी?"

गोवराची लस त्याच सुमारास आमच्याकडे नव्यानं यायला लागली होती. "आहे," मी म्हणाले. "पण तुमच्या गावात घेईल कोण?"

"ते मी पाहतो. तू गावात नोको येऊ. मोहाखाली ये. सध्या समदे तिथीच असते."

मोहाची फुलं पडायचा हंगाम होता. पहाटे सगळं गाव, तान्ह्या लेकरांसकट, झाडांखाली फुलं वेचत असतं. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत लसीकरणाची जागा शाळा नाहीतर समाजमंदिर अशी छापलेली असे. मोहाचं झाड त्यात कुठेच नव्हतं. आम्ही वर्षानुवर्षं रिकाम्या गावात जाऊन बसायचो आणि 'प्रतिसाद नाही' असं लिहून यायचो.

"अन् आणखी एक," झुरीबाई उठता उठता म्हणाली. "सुया मी शिजवीन."

दोन दिवसांनी वासुदेवभाऊंनी ओल्या पोत्यात गुंडाळलेला डबा पहाटेच नाल्यावर आणून दिला. मी पोचले तेव्हा मोहाखाली तीन दगडांची चूल पेटलेली होती. एका गंजीत, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळत होतं आणि शेजारी मडक्यात तांदूळ चढवलेले. मला काही कळेना.

"सुया टाक," झुरीबाईनं गंजीकडे बोट दाखवलं. "हा भात शिजला म्हंजे तुही सुई शिजली. त्याच्या पयले हात नाई लावाचा."

मी घड्याळ लावलं. भात शिजायला पंचवीस मिनिटं लागली. खात्यापेक्षा पाच मिनिटं जास्तच. पुढे तो भात तिनं टोचून घेतलेल्या लेकरांना पानावर वाढला.

लोक जमले होते, पण लांब. गावचा म्हातारा पुजारी पुढे आला. तो चिडलेला नव्हता, खरंच घाबरलेला होता. आलेल्या मातेच्या वाटेत सुई आडवी घातली तर ती जास्त कोपेल, असं त्याचं म्हणणं. झुरीबाई त्याच्याशी माडियात बोलली. मला थोडं समजलं, उरलेलं तिनंच नंतर सांगितलं. ती त्याला म्हणाली होती, "तू पूजा कर, हे बाई सुई देईल. दोनी करू. एकानं भागलं असतं तं त्या गावची लेकरं नसती गेली. पूजा त्यांनीबी केली होती."

पुजाऱ्यानं झाडाखाली पूजा केली. तेवढा वेळ मी एकही बाटली उघडली नाही. गोवराची लस भुकटी असते. एकदा पाण्यात मिसळली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची, नाहीतर तिच्यात जंतू वाढतात. पूजा चालली होती आणि मी बर्फाला हात लावून लावून बघत होते. तशी लांबलचक पूजा मी पुन्हा पाहिली नाही.

पूजा संपली तरी पुढे कोणी येईना. मी बाटली उघडून औषध मिसळलं, सिरिंज भरली आणि तशीच बसून राहिले. तेव्हा झुरीबाई मैनीला कडेवर घेऊन आली. पोरीनं मला ओळखलं आणि भोकाड पसरलं. झुरीबाई गर्दीकडे वळली. मैनीच्या मांडीवरचा खळगा सगळ्यांना दिसेल असा धरला आणि काहीतरी मोठ्यानं बोलली. मग पोरीचा दंड माझ्यापुढे केला.

"जिले गळू झालं तिलेच पयले दे."

मी सिरिंज मागे घेतली. "झुरीबाई, आधी दुसऱ्या कोणाला..."

"दुसऱ्याचं लेकरू कोन देईल, मी माहंच लपवलं तं?"

मी सुई दिली. नोकरीत मी हजारो सुया दिल्या असतील. ती एक मला दंडासकट आठवते.

मग आया उठल्या. आधी दोघी, मग पाच-सहा, मग रांगच लागली. रडणं, भाताचा वास, खाली पडणाऱ्या मोहफुलांचा सडा, आणि गंजीजवळ पहारेकऱ्यासारखी बसलेली झुरीबाई. अकरा वाजेपर्यंत गावातली जवळपास सगळी लेकरं झाली. शेवटच्या बाटलीत थोडं औषध उरलं होतं. कोणी राहिलं असेल म्हणून मी थांबले, आणि तिचेही चार तास उलटल्यावर ते ओतून टाकायला निघाले, तेवढ्यात वंजे नावाची एक बाई धावत आली. कमरेवर दोनेक वर्षांची पोर, सोमी. ती लांबच्या झाडांकडे गेली होती, तिला उशिरा कळलं.

"वेळ झाली," मी म्हणाले. "हे आता देता येत नाही."

"दिसते तं डब्यात," वंजे म्हणाली. "थोडंसं दे ना, बाई."

मी झुरीबाईकडे पाहिलं. मी औषध ओतून टाकलं आणि वंजेला पुढच्या आठवड्यात नवी बाटली आणायचं वचन दिलं.

गोवर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबला नाही. इरुकटोल्यात तो आला, पण त्याला फारशी घरं सापडली नाहीत. जी दोन-तीन सापडली त्यांत वंजेचं होतं. सोमीच्या छातीत घरघर सुरू झाली, डोळे चिकटले. मी होती ती औषधं दिली आणि झुरीबाईनं माणसं उठवली. चौघांनी पोरीची खाट खांद्यावर घेतली आणि भर उन्हात केंद्राची वाट धरली. झुरीबाई सगळी वाट खाटेच्या बाजूनं चालत होती, पळसाच्या पानानं पोरीच्या तोंडावर सावली धरून, आणि दर थोड्या वेळानं ओला बोळा ओठांवर पिळून. डॉक्टरसाहेब तरुण होते, पण रात्रंदिवस पोरीपाशी बसले. सोमी वाचली. तिचा उजवा डोळा मात्र गेला.

परतताना नाल्यावर आम्ही दोघी पाणी प्यायला थांबलो. माझ्यानं राहवलं नाही. "त्या दिवशी ते औषध दिलं असतं तर?"

झुरीबाईनं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. "देलं असतं अन् तिले गळू, नाई तं त्याहून वाईट झालं असतं तं? गावात तुले पुन्हा कोनं येऊ देलं असतं? मीच नसतं येऊ देलं." मग थोडं थांबून म्हणाली, "पन पोट्टीचा डोळा गेला. दोनी खरं हाय. दोनी ठेव."

मी दोन्ही ठेवलं आहे. नियम बरोबर होता, आणि सोमीला एका डोळ्यानं दिसतं.

त्यानंतरची तीन वर्षं झुरीबाई माझ्याबरोबर गावोगाव फिरली. पगार नाही, भत्ता नाही. शेजारच्या गावांत मी गेले की आधी ती बोलायची, आणि कुठेही माझी तारीफ करायची नाही. "हिनं माह्या नातीची मांडी बिघडवली," अशी सुरुवात करायची. मी जमिनीकडे बघत उभी राहायची. "मंग हिनं कबूल केलं, अन् अकरा दिवस चालत येऊन जखम धुतली." एवढंच. प्रचाराची पत्रकं, फ्लिपचार्ट, गावात वाजवायची ध्वनिफीत, सगळं आमच्याकडे होतं. त्या दोन वाक्यांनी जेवढी दारं उघडली तेवढी त्यातल्या कशानंच उघडली नाहीत.

चांगल्या कामाचं एक प्रशस्तिपत्र मला मिळालं. त्यावर माझं नाव चुकीचं छापलं होतं, आणि तिचं नव्हतंच. मी वरच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, यादीत फक्त कर्मचारी बसतात. मी जास्त भांडले नाही. भांडायला हवं होतं.

मग बदलीचा कागद आला. माझ्या जागी चंद्रपूरहून एक नवी मुलगी आली, नुकती ट्रेनिंग संपवून. दोन दिवस मी तिला चार्ज दिला. सिरिंज किती, बर्फाच्या पिशव्या किती, खुर्ची एक, त्यातही पाय मोडका. निघायच्या दिवशी सकाळी झुरीबाई आली. मला वाटलं मला निरोप द्यायला आली. पण ती माझ्याजवळून तशीच पुढे गेली आणि नव्या नर्सपुढे उभी राहिली. तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"तुह्या हातून चूक झाली तं सांगशील का?"

ती मुलगी गोंधळली. घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. बसची वेळ होत आली होती, वासुदेवभाऊ माझी ट्रंक सायकलला बांधत होते.

"सांगीन," ती शेवटी हळूच म्हणाली.

झुरीबाईनं मान डोलावली.

"मंग उद्या गावात ये."